गोव्यातील देवतांचे स्थलांतर आणि गुप्त उपासना

गोव्यातील देवतांचे स्थलांतर म्हणजे सोळाव्या शतकात तिसवाडी, सासष्टी व बारदेस या पोर्तुगीज अमलाखालील महालांतून हिंदू देवतांच्या मूर्ती व लिंगे नदीपलीकडील मुलखात गुप्तपणे हलवली जाण्याची प्रक्रिया होय. फोंडा तालुक्यातील मंगेशी, कवळे, म्हार्दोळ, बांदिवडे, वेलिंग व शिरोडा, डिचोली तालुक्यातील नार्वे, केपे तालुक्यातील फातर्पा येथील आजची सुप्रसिद्ध देवस्थाने या स्थलांतरातून उभी राहिली. यांतील बहुतेक देवता ज्या गावात आज आहेत, त्या गावच्या मूळच्या नाहीत. त्यांची मूळ गावे नदीच्या दुसऱ्या तीरावर आहेत आणि तेथील जुन्या देवळांच्या जागी किंवा त्यांच्या आसपास अनेक ठिकाणी आज चर्च, कपेल अथवा मोकळी जमीन आढळते.

केवळ मूर्ती हलवल्या गेल्या, एवढेच या घटनेचे स्वरूप नाही. देवस्थानाचे महाजन, गावकरीतील हक्क, पालखीचा क्रम, कुळांचे मान असे सारेच देवाबरोबर नदी ओलांडून गेले. जे लोक मागे राहिले, त्यांच्यापैकी हिंदूंना उपासना घराच्या आत व दाराआड करावी लागली आणि धर्मांतरितांच्या घरी जुने आचार निराळ्या रूपांत टिकले. स्थलांतराचा इतिहास या घरांना वगळून पुरा होत नाही.

पार्श्वभूमी

आफोन्सो द आल्बुकेर्क याने १५१० मध्ये आदिलशाहीकडून गोवा बेट म्हणजे तिसवाडी जिंकले. सासष्टी व बारदेस हे महाल १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे कायमचे आले. या तीन महालांना पुढे ‘जुन्या काबिजादी’ म्हटले जाऊ लागले. त्या काळच्या सासष्टीत आजचा मुरगाव तालुकाही मोडत असे. त्यामुळे कुठ्ठाळी, केळशी, वेरणे, सांकवाळ ही नावे जुन्या कागदांत सासष्टीची म्हणून येतात, हे वाचकाने ध्यानात ठेवलेले बरे.

पहिली तीसएक वर्षे राज्यकर्त्यांनी गावांच्या अंतर्गत व्यवस्थेला फारसा हात लावला नाही. १५२६ मध्ये आफोन्सो मेशिया याने तयार केलेल्या सनदेत गावकऱ्यांचे पूर्वापार हक्क व महसुलाची पद्धत नोंदवून मान्य करण्यात आली. गोव्यातील गाव म्हणजे मूळच्या कुळांची सामायिक जमीनधारणा होती. भातशेती, खाजणांचे बांध, देऊळ आणि देवळाच्या सेवेकऱ्यांच्या नेमणुका यांची व्यवस्था एकाच संस्थेकडे, म्हणजे गावकरीकडे, असे. देऊळ पाडणे म्हणजे त्यामुळेच केवळ एक इमारत पाडणे नव्हते. देवळाला लावून दिलेली जमीन, तिचे उत्पन्न आणि त्या उत्पन्नावर जगणारे पुजारी, भाविणी, वाजंत्री, कारागीर या साऱ्यांवर तो आघात होता.

आदेशांची मालिका

तिसवाडीतील देवळे १५४० च्या सुमारास पाडण्यात आली आणि लगेचच त्यांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चच्या कार्याकडे वळवण्यात आले. पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याने १५४६ मध्ये पाठवलेल्या पत्रात मूर्तिपूजा सार्वजनिक तसेच खाजगी अशा दोन्ही ठिकाणी बंद करावी, मूर्ती घडवणाऱ्यांना शिक्षा करावी आणि संशयितांच्या घरांची झडती घ्यावी, असे बजावले होते. घराची झडती हा शब्दप्रयोग येथे महत्त्वाचा आहे. देऊळ गेल्यावर देव घरात जाईल, याची जाणीव राज्यकर्त्यांना आरंभापासूनच होती.

पुढील वीस वर्षांत आदेश एकापाठोपाठ एक निघत राहिले. १५५९ मध्ये अनाथ हिंदू मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती धर्मात वाढवण्याचा कायदा झाला. १५६० मध्ये व्हाइसरॉय कोंस्तांतीनु द ब्रागांस याने काही ब्राह्मणांना हद्दपार करण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मनिष्ठेची चौकशी करणारे न्यायासन, सुरू झाले. १५६६ मध्ये नवी देवळे बांधण्यास आणि परवानगीवाचून जुन्यांची डागडुजी करण्यास मनाई झाली. १५६७ मध्ये गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेनंतर विवाह, मुंज व अंत्यविधीतील हिंदू संस्कारांवरही बंधने आली. त्याच वर्षी सासष्टीतील देवळे पाडण्याची मोहीम राशोलचा कप्तान दिओगु रोद्रिगिश याच्या हाताने पार पडली. तेथे सुमारे २८० आणि फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या देखरेखीखालील बारदेसमध्ये सुमारे ३०० देवळे नष्ट झाल्याचे आकडे दिले जातात.

इन्क्विझिशनविषयी एक गैरसमज वारंवार आढळतो. तिचे मुख्य कार्य हिंदूंना धर्मांतरित करणे हे नव्हते. बाप्तिस्मा घेतलेला ख्रिस्ती जुन्या धर्माकडे वळतो काय, हे शोधणे तिच्या अधिकारात येई. हिंदूंना तिची झळ लागली ती प्रामुख्याने ख्रिस्ती शेजाऱ्याला पूजेत ओढल्याच्या अथवा मनाई असलेला विधी उघडपणे केल्याच्या आरोपाने. ज्यांच्या घरातील निम्मी माणसे बाटली व निम्मी हिंदू राहिली, अशा कुटुंबांची स्थिती यात सर्वांत नाजूक होती.

नदी ही सीमा

देवांना वाट मिळाली ती भूगोलामुळे. तिसवाडी बेट मांडवी व जुवारी यांच्या मध्ये आहे, तर सासष्टीच्या ईशान्येस जुवारी ओलांडली की अंत्रुज महाल, म्हणजे आजचा फोंडा तालुका, लागतो. अंत्रुज त्या वेळी विजापूरच्या आदिलशाहीत होता. पुढे तेथे सोंद्याच्या राजांचाही अंमल आला. उत्तरेकडे मांडवीपलीकडे भतग्राम, म्हणजे डिचोली, होते. पोर्तुगीज राजाची सत्ता पाण्यापाशी संपत असे आणि पलीकडच्या काठावर देऊळ बांधण्यास मज्जाव नव्हता. एका रात्रीत होडीने पार करता येईल एवढेच हे अंतर होते. मुसलमान सुलतानाच्या मुलखात हिंदू देवांनी आश्रय घेतला, ही वस्तुस्थिती या इतिहासाच्या सोप्या मांडणीत बहुधा गाळली जाते.

स्थलांतरे रात्री झाली, असे जवळजवळ प्रत्येक देवस्थानाची परंपरा सांगते. मूर्ती जड असल्यास लिंग वा मुखवटा तेवढा नेला गेला. काही देव एका दमात इच्छित स्थळी पोचले नाहीत. चोडण बेटावरील देवकीकृष्ण प्रथम मये येथे आणि नंतर माशेल येथे आला. दिवाडी बेटावरील गणपतीही मुक्काम बदलत खांडोळ्यास स्थिरावला.

प्रमुख स्थलांतरे

मंगेश हे कुठ्ठाळी, म्हणजे जुने कुशस्थळी, येथील दैवत होते. १५६० मध्ये लिंग जुवारीपार अंत्रुजमधील प्रियोळ गावी आणण्यात आले. तेथील वस्तीला आज देवाच्याच नावावरून मंगेशी म्हणतात. मराठा सत्तेच्या काळात, १७३९ मध्ये, पेशव्यांचा सरदार रामचंद्र मल्हार सुखटणकर याच्या पुढाकाराने गाव देवस्थानास इनाम मिळाला आणि पुढे देवळाला आजचे भव्य स्वरूप येत गेले. गोव्याच्या इन्क्विझिशनचा सविस्तर अभ्यास करणारे अनंत काकबा प्रियोळकर याच प्रियोळ गावचे. निर्वासित देवाच्या सावलीत वाढलेल्या माणसाने त्या निर्वासनाची कारणे कागदपत्रांतून शोधावीत, हा योग नोंदवण्याजोगा आहे.

केळशीची शांतादुर्गा कवळे येथे आली. तेथील आजचे देऊळ अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, छत्रपती शाहूंचे मंत्री नारो राम रेगे यांच्या साहाय्याने उभे राहिले. वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ व कोलव्याची महालक्ष्मी बांदिवड्यास, रायची कामाक्षी शिरोड्यास, सांकवाळची विजयादुर्गा केरी येथे व लक्ष्मीनृसिंह वेलिंगला गेले. मडगाव, म्हणजे जुने मठग्राम, येथील दामोदर जांबावलीस स्थापन झाला. बांदिवड्याजवळचा नागेश मात्र मूळचाच अंत्रुजचा होय. तेथील १४१३ चा शिलालेख विजयनगरच्या काळातला आहे आणि फोंड्यातील प्रत्येक देऊळ निर्वासितांचे नव्हे, याची तो आठवण करून देतो.

देवांची नावे हाच या स्थलांतराचा सर्वांत टिकाऊ दस्तऐवज ठरला. फातर्प्यातील देवी शांतादुर्गा कुंकळ्ळीकारीण आहे, तर डिचोली तालुक्यातील नानोड्याची देवी शांतादुर्गा कळंगुटकारीण. चारशेहून अधिक वर्षे दुसऱ्या गावात राहूनही त्या आपल्या जुन्या गावच्या नावाने ओळखल्या जातात.

या देवळांची वास्तुशैलीही लक्षणीय आहे. घुमट, कमानदार खिडक्या, कठडे, मजल्यामजल्यांचा दीपस्तंभ आणि लांबट सभामंडप यांवर गोव्यातील चर्च-वास्तूंची छाप स्पष्ट दिसते. गवंडी बहुधा तेच, हवामान तेच, जांभा दगड तोच. ज्या इमारतींमुळे देवाला गाव सोडावे लागले, त्यांचीच काही लक्षणे त्याच्या नव्या घराने उचलली.

सप्तकोटेश्वर: विहिरीवरचे लिंग

सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे राजदैवत होते. कदंबांच्या नाण्यांवर या देवाच्या कृपेने वर मिळाल्याचा उल्लेख असलेली बिरुदावली आढळते. मूळ देऊळ दिवाडी बेटावरील नार्वे येथे होते. चौदाव्या शतकात बहमनी स्वारीत ते मोडले आणि त्याच शतकाच्या अखेरीस विजयनगरचा माधव मंत्री याने ते पुन्हा बांधले. म्हणजे पोर्तुगीजांच्या हातून झालेला नाश हा या देवाच्या वाट्याला आलेला दुसरा नाश होता.

सोळाव्या शतकातील विध्वंसानंतर लिंग विहिरीवर पाणी ओढण्यासाठी वापरण्यात आले, अशी परंपरा आहे. लिंग गुळगुळीत पण पैलू पाडलेल्या दगडाचे, म्हणजे धारालिंग प्रकारचे, असल्याने ही कथा असंभाव्य वाटत नाही. दोर फिरवायला असा दगड सोयीचाच पडतो. भतग्रामचे नारायण शेणवी सूर्यराव यांनी ते तेथून सोडवून पाण्यापलीकडे आणले. हिंदळे गावी त्याची स्थापना झाली आणि देवाबरोबर आलेले ‘नार्वे’ हे नाव त्या स्थळालाही लागले. नकाशात आज दोन नार्वे आढळतात: एक बेटावर देवाविना, दुसरे समोरच्या काठावर देवासह.

छत्रपती शिवाजी महाराजांनी नोव्हेंबर १६६८ मध्ये या देवळाच्या जीर्णोद्धारास आरंभ केला. शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार अशी तिथी असलेला शिलालेख देवळाच्या दाराशी आहे. पोर्तुगीज सरहद्दीच्या अगदी काठावर हे काम हाती घेण्यात आल्याने त्याला धार्मिक अर्थाइतकाच राजकीय अर्थही होता, हे सहज ध्यानात येते. गोकुळाष्टमीच्या दिवशी नार्वे येथे पंचगंगेत स्नान करण्याची प्रथा आजही चालू आहे.

कुंकळ्ळीचे बंड

सासष्टीच्या दक्षिणेकडील कुंकळ्ळी, असोळणा, वेळ्ळी, आंबेली व वेरोडे या गावांनी देवळे पाडण्यास दीर्घकाळ विरोध केला, कर देण्याचे नाकारले आणि पाडलेली देवळे पुन्हा उभारली. १५ जुलै १५८३ रोजी, तेव्हाच्या जुन्या कालगणनेनुसार, चर्च व क्रूस यांसाठी जागा पाहण्यास आलेले पाच जेझुइट पाद्री व त्यांच्याबरोबरचे काही ख्रिस्ती यांना कुंकळ्ळीत ठार मारण्यात आले. पाद्र्यांचा प्रमुख रुदोल्फ आक्वाविवा हा काही काळापूर्वीच अकबराच्या दरबारातून परतला होता. जेथे वेगवेगळ्या धर्मांचे पंडित समोरासमोर बसून वाद करीत, त्या फत्तेपूर शिक्रीतून तो थेट या संघर्षात येऊन पडला.

सूडही तितकाच क्रूर होता. बोलणी करण्याच्या मिषाने गावकऱ्यांच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावण्यात आले आणि तेथे त्यांची हत्या झाली. एकाने नदीत उडी घेऊन जीव वाचवला, असे सांगतात. गावांच्या जमिनी जप्त होऊन पुढे एका पोर्तुगीज सरदार घराण्याकडे गेल्या. मारल्या गेलेल्या पाद्र्यांना चर्चने धन्य म्हणून घोषित केले. गावप्रमुखांचे स्मारक व्हायला मात्र एकविसावे शतक उजाडावे लागले. एकाच घटनेतील दोन्ही बाजूंचे मृत आज कुंकळ्ळीत स्मरले जातात.

देवी फातर्प्यास गेली. कुंकळ्ळीशी तिचे नाते मात्र तुटले नाही. शिमग्याच्या दिवसांत देवी पालखीतून मूळ गावी येते. या मिरवणुकीत बारा छत्र्या असतात, म्हणून तिला सोंत्र्यो म्हणतात. बारा छत्र्या गावच्या बारा वांगडांच्या, म्हणजे मूळ कुळांच्या, मानल्या जातात. त्यांतील काही कुळांचे वंशज आज ख्रिस्ती आहेत, तरीही छत्र्यांची संख्या कमी झालेली नाही.

इंग्लंडमधून सासष्टीत: थॉमस स्टीफन्स

कुंकळ्ळीत मारल्या गेलेल्या पाद्र्यांचे मृतदेह मिळवून त्यांचे दफन करण्याच्या कामी असलेला एक जेझुइट मराठी वाचकांना चांगला परिचित आहे. ‘क्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स हा तो. त्याचे पूर्वायुष्य या लेखाच्या विषयाशी अनपेक्षितपणे जुळते, कारण तो स्वतः गुप्त उपासनेच्या देशातून आला होता.

इंग्लंडमध्ये १५५९ च्या कायद्याने कॅथलिक मिस्सावर बंदी आली. गोव्यात इन्क्विझिशन सुरू होण्याच्या आदल्याच वर्षी हे घडले. सरकारी चर्चमध्ये न जाणाऱ्यास प्रथम बारा पेन्स दंड होता, तो १५८१ मध्ये महिना वीस पौंड झाला. १५८५ च्या कायद्याने जेझुइट पाद्र्याने देशात असणे हाच राजद्रोह ठरला आणि त्याला आश्रय देणाऱ्यालाही मृत्युदंडाची तरतूद झाली. अशा स्थितीत उपासना खेड्यापाड्यांतील जमीनदारांच्या वाड्यांत शिरली. पोटमाळ्यावर वेदी मांडली जाई आणि शिपाई आले की पाद्री जिन्याखालच्या, धुराड्यामागच्या अथवा दुहेरी भिंतीतल्या खोबणीत लपे. वुस्टरशायरमधील हार्विंग्टन हॉल या वाड्यात अशा अनेक चोरजागा अद्याप पाहावयास मिळतात. असे लपणे बांधण्यात निष्णात असलेला निकोलस ओवेन १६०६ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये छळाने मरण पावला.

विल्टशायरमध्ये जन्मलेला स्टीफन्स या वातावरणात वाढला. हॅम्पशायरमधील जमीनदार घराण्यातील थॉमस पाउंड हा त्याचा मित्र उघड कॅथलिक होता. काही काळ स्टीफन्स त्याचा नोकर असल्याचे भासवून त्याच्याबरोबर वावरला. दोघे रोमला निघण्याच्या बेतात असताना पाउंड पकडला गेला आणि त्याचे पुढचे आयुष्य बव्हंशी तुरुंगांत गेले. स्टीफन्स एकटाच रोमला पोचला, १५७५ मध्ये जेझुइट संघात दाखल झाला आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात उतरला. पुढील जवळजवळ चाळीस वर्षे त्याने मुख्यतः सासष्टीत घालवली.

तेथे तो ज्या सत्तेच्या बाजूने उभा होता, ती त्याच्या मायदेशातील सत्तेसारखीच घरांच्या झडत्या घेत होती. या विरोधाभासाची त्याला कितपत जाणीव होती, याचा निवाडा त्याच्या लेखनावरून देता येत नाही आणि तो ओढूनताणून देऊही नये. ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभी मात्र एक बोलका प्रसंग आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्र्याला विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे पुराण का देत नाही? राशोल येथे १६१६ मध्ये रोमन लिपीत छापला गेलेला हा मराठी ओवीबद्ध ग्रंथ त्या मागणीचे उत्तर होता. बंद केलेली पुराणेही सर्वस्वी नष्ट झाली नाहीत. रामायण-महाभारतातील कथांच्या त्या काळच्या कोकणी व मराठी संहिता रोमन लिपीत उतरवून घेतल्या गेल्या आणि त्यांच्या प्रती पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात टिकून राहिल्या.

इंग्लंड व गोवा यांतील भेदही तितकाच स्पष्ट आहे. मिस्साला एक पाद्री, एक चषक आणि स्वच्छ वस्त्र अंथरलेले मेज पुरते. पाद्री गेला की मेज पुन्हा जेवणाचे होते. ग्रामदेवतेचे तसे नव्हते. ती जमिनीची, पाण्याची, सीमेची रक्षणकर्ती असल्याने तिला गावातून उचलणे धर्मदृष्ट्याच अवघड होते. म्हणूनच इंग्लंडमध्ये लपला तो पाद्री आणि गोव्यात हलला तो देव. इंग्रज कॅथलिकांना दुसरा तीर गाठायचा तर समुद्र ओलांडून फ्लँडर्सकडे जावे लागे, गोव्यातील गावकऱ्याला तो तीर आपल्या घराच्या अंगणातून दिसत होता.

मागे राहिलेली घरे

सर्व हिंदू नदीपलीकडे गेले नाहीत. व्यापारी, महसुलाचे मक्तेदार, वैद्य, सोनार यांच्यावाचून पोर्तुगीज कारभार चालत नसे आणि त्यामुळे आदेश कडक असले, तरी त्यांची अंमलबजावणी गरजेप्रमाणे सैल होई. या कुटुंबांचे देव सीमेपलीकडे आणि घरे सीमेच्या आत, अशी विभागणी झाली. वर्षातून काही वेळा कुलदैवताच्या दर्शनास नदीपार जाणे हा त्यांच्या धार्मिक जीवनाचा कणा झाला. उघडपणे हिंदू राहण्याची किंमतही ठरलेली होती. शेंडी राखणाऱ्या हिंदूंवर १७०४ मध्ये बसवलेला ‘शेंडी कर’ १८४० पर्यंत चालू राहिला.

धर्मांतरितांच्या घरांत काय चालत होते, याचा सर्वांत तपशीलवार पुरावा त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्यांनीच मागे ठेवला आहे. १४ एप्रिल १७३६ रोजी इन्क्विझिशनने काढलेल्या जाहीरनाम्यात ख्रिस्ती कुटुंबांना वर्ज्य असलेल्या आचारांची लांबलचक यादी आहे. घराच्या आवारात तुळस लावू नये, भात मिठावाचून शिजवू नये, एकादशीचा उपवास धरू नये, लग्नात हळद-तेल लावू नये व ओव्या गाऊ नयेत, पुरुषांनी पुडवे आणि स्त्रियांनी चोळी नेसू-घालू नये, अशा तऱ्हेचे हे निर्बंध होते. धर्मांतराला दीडशे ते पावणेदोनशे वर्षे उलटून गेल्यावरही अशी यादी करावी लागली, याचा अर्थ हे सर्व आचार तोवर चालू होते. यादीतील बहुतेक बाबी स्वयंपाकघर, न्हाणी व अंगण येथल्या, म्हणजे स्त्रियांच्या हातच्या, आहेत. बंदीपुढे देऊळ टिकले नाही, अंगण टिकले.

हे सारे आचार गुप्त हिंदू धर्माचे अवशेष होते, असे म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे ठरेल. अनेकांच्या दृष्टीने ती निव्वळ घरची रीत होती आणि ते मनापासून ख्रिस्ती होते. गोव्यातील ख्रिस्ती विवाहात वधू-वरांना नारळाच्या रसाने न्हाऊ घालण्याचा ‘रोस’ आज आनंदाने केला जातो, तो हळदीच्या विधीचा सख्खा भाऊ आहे. जुन्या ख्रिस्ती घरांसमोर चौथऱ्यावर उभा असलेला क्रूस तुळशीवृंदावनाची आठवण करून देतो.

आश्रयस्थान पोर्तुगीजांकडे

१७६३ मध्ये हैदरअलीच्या स्वारीमुळे सोंद्याच्या राजाने पोर्तुगीजांचा आश्रय घेतला आणि फोंडा महाल त्यांच्या हाती आला. १७८८ पर्यंत डिचोली, सत्तरी, पेडणे इत्यादी भाग मिळून ‘नव्या काबिजादी’ पूर्ण झाल्या. दोन शतकांपूर्वी ज्यांच्यापासून देव पळाले, त्यांच्याच राज्यात ते पुन्हा सापडले. पण काळ बदलला होता. नव्या प्रदेशातील रहिवाशांना धर्म व रीतिरिवाज पाळण्याची हमी देण्यात आली आणि फोंड्यातील देवळांना धक्का लागला नाही. इन्क्विझिशन १७७४ मध्ये बंद झाले, १७७८ मध्ये पुन्हा सुरू होऊन १८१२ मध्ये कायमचे संपले. जुन्या काबिजादीत उघडपणे देऊळ बांधण्याची मुभा पुढच्या काही वर्षांत मिळू लागली. पणजीतील महालक्ष्मीचे देऊळ १८१८ मधले आहे.

सद्यःस्थिती

१९६१ मध्ये गोवा भारतात सामील झाल्यावर काही देवतांच्या मूळ स्थानी पुन्हा पूजा सुरू झाली. वेरणे येथे म्हाळसेचे नवे देऊळ बांधण्यात आले आहे. महाजनांनी म्हार्दोळचे देवस्थान मात्र सोडले नाही आणि देवीची आज दोन्हीकडे पूजा होते. २०२२ च्या अर्थसंकल्पात गोवा शासनाने पोर्तुगीज काळात नष्ट झालेल्या देवळांच्या पुनर्बांधणीसाठी वीस कोटी रुपयांची तरतूद केली. कोणते देऊळ कोठे बांधायचे, हा प्रश्न त्यातून लगेच उभा राहिला, कारण बहुतेक मूळ जागांवर आता दुसऱ्या समाजाचे शतकानुशतकांचे पूजास्थान अथवा घरे-शेते आहेत आणि देव तर नदीपलीकडे नांदतो आहे. नार्वे येथील सप्तकोटेश्वराच्या देवळाचे संवर्धनकार्य राज्याच्या पुरातत्त्व विभागाने पूर्ण केले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते भाविकांसाठी खुले झाले.

बारदेसमध्ये म्हापसा येथील मिलाग्र सायबिणीच्या फेस्ताला हिंदू भाविक तेल घेऊन जातात. शिरगावची लईराई ही तिची बहीण, असे दोन्ही समाज मानतात. लोककथेप्रमाणे बहिणी मूळच्या सात, त्यांतील एक ख्रिस्ती झाली. जत्रा व फेस्त यांच्या दिवसांत दोघींच्या स्थानांमध्ये तेल व फुलांची देवाणघेवाण होते.